रडवणारी बाई

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. कापूस वेचून घरी आलेल्या बाईच्या लुगड्याला कुठे कुठे कापूस चिकटलेला असतो ना, तसे ते चिकटून येतात. घरी आल्यावर नवरा विचारतो, ‘आज काय झालं?’ मी म्हणते, ‘काही नाही.’ आणि मग भाजी फोडणीला टाकता टाकता एकेक निघायला लागतं. भाजी करपते, पण किस्सा संपत नाही!

मी सिस्टर आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात. दवाखान्याचं नाव विचारू नका, आमच्या डॉक्टर मॅडमना उगाच फोन यायचे. कामं तशी पुष्कळ करते मी, पण गावात माझी ओळख एकाच कामाची. बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की त्याच्या टाचेच्या कडेला बारीकशी सुई टोचायची, जाडसर कागदावर छापलेल्या गोलांमध्ये रक्ताचे थेंब घ्यायचे, कागद वाळवायचे आणि मोठ्या लॅबकडे पाठवायचे. टोचायला चुटकी वाजवण्याएवढा वेळ. पण लेकरू किंचाळतं, आजी त्याच्याहून मोठ्यानं किंचाळते, आई तोंड फिरवून डोळे पुसते, आणि सगळा वॉर्ड माझ्याकडे असा बघतो की बास!

हे सगळं कशासाठी, ते मी दर वेळी सांगते. आता तोंडपाठ झालंय. ‘बाई, गळ्यात सगळ्याईच्या थायरॉइड असते. एखाद्या लेकराची जन्मापासूनच काम करत नाई. वरून पाहून काहीच समजत नाई. लवकर समजलं तं रोजची एक बारकी गोळी, बस! लेकरू चारचौघावाणी वाढते, शाळेत जाते, मास्तरच्या शिव्या खाते. उशिरा समजलं तं डोकं मागं राहून जाते, मंग सोन्याची गोळी देल्ली तरी गेलेलं वापस येत नाई. म्हणून हे रक्त.’

सगळ्या आज्या मान डोलावतात. ‘बराबर हाय बाई, बराबर हाय,’ म्हणतात. आणि मग विचारतात, ‘पण टोचाचं कायले?’

एकीनं तर तोडगाच काढला होता. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी घरोघरी माहीत आहे. ती म्हणाली, ‘आमच्या साऱ्या घराचं सिकलचं रक्त झालं हाय, बाई. हे लेकरू बी त्याच्यातच धरून घ्या न!’

*

आठवडी बाजार होता. मी वांगी निवडत होते. भाजीवाली बुढी माझ्याकडे निरखून बघत होती. मला वाटलं, मी वांगी दाबून दाबून बघते ते तिला आवडत नसेल. तर ती एकदम शेजारणीला म्हणाली, ‘अव, हेच थे! रडवणारी बाई! माह्या नातवाले हिनंच टोचलं!’

मी हसून विचारलं, ‘हो आजी, मीच ती. कसं आहे लेकरू?’

‘लेकरू मजेत हाय. तुमी हात पुढं करा.’

मी केला. वाटलं, म्हातारी काही खाऊ-बिऊ देते. तिनं टोपलीतून चांगलं काटेरी देठाचं वांगं उचललं आणि माझ्या तळहातावर दाबलं!

‘आई ग!’

‘दुखलं?’

‘दुखलं ना!’

‘मंग! त्याले बी असंच दुखलं होतं,’ म्हातारी म्हणाली आणि शांतपणे वांगी तोलायला लागली. पिशवीत वांगी टाकून झाल्यावर तिनं वर मूठभर सांबारही टाकला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाली, ‘राहू द्या. नातू चांगला हाय न, म्हणून.’

*

आमच्या वॉर्डात शेवंतामावशी आहेत. झाडलोट त्यांची, बाळंतिणींची उठबस त्यांची, नातेवाइकांना रागावणंही त्यांचंच. उन्हाळ्यात साऱ्या मोहल्ल्याचे पापड आणि कुरड्या त्यांच्या हाताखालून जातात, आणि त्याचा त्यांना फार अभिमान.

रक्ताचे कागद वाळवायची एक रीत असते. आडवे ठेवायचे, सावलीत ठेवायचे, हात लावायचा नाही. एकदा मे महिन्यात मी टेबलावर कागद मांडले आणि तेवढ्यात एक अडलेली बाई आली. मी लेबर रूमकडे पळता पळता ओरडले, ‘मावशी, कागद वाळत घातलेत, लक्ष ठेवा!’

परत येऊन बघते तर टेबल रिकामं!

‘मावशी, कागद?’ म्हणून ओरडले, तर वरून आवाज आला, ‘वरते हायत, ताई!’

गच्चीवर गेले. बाजेवर पांढरंशुभ्र धोतर अंथरलेलं. त्यावर कागद ओळीनं मांडलेले. उडू नयेत म्हणून कडेला खडे ठेवलेले. आणि शेजारी मावशी, डोक्यावर पदर, हातात काठी, कावळे हाकलत बसलेल्या! आणि ऊन असं की चप्पल नसती तर मी उलट्या पावली खाली आले असते.

‘मावशी! अहो, हे काय केलं?’

‘तठी कूलरच्या वाऱ्यानं वाळूनच नाई राह्यले होते. आता पाहा कसे कडक वाळले. दोन्ही बाजूनं! म्या एकदा पलटवले बी!’

उन्हात भाजलेलं रक्त लॅबच्या काय कामाचं? वॉर्डातल्या सगळ्या लेकरांना पुन्हा टोचावं लागलं. मी इतकी चिडले होते की म्हटलं, ‘आता एकेका लेकराचा पाय तुम्हीच धरायचा.’ मावशींनी धरला. आणि एकेका लेकराबरोबर त्या अशा रडल्या की शेवटी बाळंतिणीच त्यांची समजूत काढायला लागल्या.

त्या दिवसापासून त्या टेबलाजवळ कुणाला फिरकायची सोय नाही. परवा मॅडम राउंडला आल्या, त्यांनी सहज एक कागद बघायला हात पुढे केला. मावशी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडल्या, ‘मॅडम! हात नोका लावू, ओले हायत! तुमच्या घरी कोणी पापड नाई करत काय?’

मॅडमनी मुकाट्यानं हात मागे घेतला.

*

एक रिटायर्ड गुरुजी होते. नात झाली म्हणून सगळं घर घेऊन आलेले. आल्या आल्या ‘जयभीम, सिस्टर’ म्हणाले, चष्मा पुसला, आणि मी काय काय सांगते ते सगळं नीट ऐकून घेतलं. असं ऐकणारा माणूस भेटला की मला गहिवरूनच येतं.

‘पटलं,’ गुरुजी म्हणाले. ‘पण आम्ही कुणी सांगितलं म्हणून मानणारे नव्हे, पारखून मानणारे लोक. किती दुखतं, ते आधी मले कळू द्या. मले टोचा.’

‘गुरुजी, तुमच्या टाचेतून काय रक्त निघणार?’

‘मंग बोटाले टोचा.’

टोचलं. गुरुजींनी तोंड जरा वाकडं केलं, पण ‘सहन करण्याजोगं आहे’ असा शेरा दिला. मग आजी म्हणाल्या, ‘मले बी.’ मग काका. मग आत्या. लेकराचा बाप मागे मागे सरकत होता, त्याला गुरुजींनी दंडाला धरून पुढे आणलं. सगळं घर बोटाला कापूस लावून रांगेत बसलं, आणि मग नातीची पाळी आली. ती रडली. आईनं छातीशी घेतलं, दोन घोट प्यायली, आणि सगळं विसरून झोपून गेली.

बऱ्याच वेळानं गुरुजी बोट वर धरून माझ्या टेबलापाशी आले. हळूच म्हणाले, ‘सिस्टर, नात तं केव्हाची झोपली. माहं काहून अजून ठणकून राह्यलं?’

*

थंडीत लेकरांच्या टाचा गार पडतात आणि रक्त लवकर येत नाही. एका आजीला मी म्हटलं, ‘ऊन फडक्यानं जरा टाच शेकून ठेवा, मी आलेच.’

परत येते तर टाचेला तिळाचं तेल चोपडलेलं, आणि तळव्यावर ही एवढी काजळाची तीट! तेलाच्या टाचेवर थेंब धरतच नाही, पसरतो. मी बडबड करत पाय पुसायला घेतला. आजीनं हात धरला.

‘तीट पुसली तुमी. आता नजर लागली म्हंजे?’

‘माझी कशी लागेल आजी? मी लेकराच्या तोंडाकडं बघतसुद्धा नाही. मी फक्त टाचेकडं बघते.’

‘थेच तं!’ आजी म्हणाली. ‘एवढं टक लावून त्याच्या टाचेकडं आजपर्यंत कोणीच नाई पायलं!’

काम झाल्यावर तिनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. आधी लेकरावरून, मग माझ्यावरून.

*

आणि त्या दोन विहिणी! एक आईची आई, एक बापाची आई. मी लेकराचा पाय हातात धरला तर दोघी त्या पायावर वाकल्या. एक म्हणे, टाच आमच्यावर गेली. दुसरी म्हणे, कायची तुमच्यावर, आमच्या बुढ्याची टाच पाहा. माझ्या हातात सुई, लेकरू पाय झाडतंय, आणि यांचं आपलं चाललेलं.

मी वैतागून म्हटलं, ‘बरं बाप्पा, डावी टाच आईकडची, उजवी बापाकडची! आता सांगा, कोणती टोचू?’

मग एकीनं दुसरीकडे बोट केलं, दुसरीनं पहिलीकडे.

‘यांच्या बाजूची टोचा!’

*

आता पुढचा किस्सा हसायचा आहे की कसला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घाटंजीकडच्या एका खेड्यात ज्योती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. दवाखान्यात तिच्यासोबत तिची आई, सखुबाई. ज्योती अगदी अबोल, आणि सखुबाई तिच्या वाटचंही बोलणारी. दिवस कापसाच्या वेच्याचे. वावरातला फुटलेला कापूस सोडून बाई लेकीच्या उशाशी बसलेली. मुलगा झाला, आणि सखुबाईच्या तोंडी एकच सुरू झालं, ‘असं गुणी लेकरू म्या जल्मात पायलं नाई!’

कारण लेकरू रडत नव्हतं. शेजारची पोरं टाहो फोडायची आणि हे आपलं गुमान झोपलेलं. सखुबाई खाटेखाटेपाशी जाऊन सांगायची, ‘भूक लागली तरी रडत नाई, ओलं झालं तरी रडत नाई. लय समजदार हाय!’ बाकीच्या बाळंतिणी बिचाऱ्या जागरणानं अर्ध्या झालेल्या. एक जण तर आपल्या लेकराला म्हणाली, ‘पाय, शिक त्याच्यापासून काही!’

तिसऱ्या दिवशी मी सुई घेऊन गेले. सखुबाईनं आधीच सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलेलं, ‘पाहा आता, माहा नातू रडते काय!’ खाटेभोवती बाया गोळा झाल्या. मी टोचलं.

लेकरानं तोंड जरा वाकडं केलं. घशातून बारीकसा घोगरा आवाज काढला, आणि पुन्हा डोळे मिटले.

‘वाघ हाय!’ सखुबाई टाळी वाजवून ओरडली. सगळ्या हसल्या. शेवंतामावशीही म्हणाल्या, ‘सगळे असे असते तं!’

मला मात्र हसू आलं नाही. एवढी लेकरं रडवली मी, टोचल्यावर न रडणारं लेकरू मला काही गुणी वाटत नाही. थेंब घेतले, कागद वाळत घातला, आणि मॅडमना बोलावून आणलं. मॅडमनी तपासलं. अंग गार, दूध ओढायला सुस्त. म्हणाल्या, ‘शंका येतेय. पण इथे ती तपासणी होत नाही, रिपोर्ट येऊ दे. तोवर यांना थांबवून ठेवा.’

थांबवणार कसं? ‘कायले थांबाचं?’ सखुबाई म्हणाली. ‘लेकरू गुणी, लेक ठणठणीत, अन् तठी कापूस गळून मातीत चालला!’ दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेक-नातवाला घेऊन जीपमध्ये बसलीसुद्धा. जाताना मला हसून म्हणते, ‘बाई, तुमचं अन् आमच्या राजाचं काही जमलं नाई. तुमी रडवाले आल्या, अन् थो रडलाच नाई!’

*

काही दिवसांनी लॅबचा फोन आला. ज्याला भीत होते तेच निघालं, लेकराची थायरॉइड काम करत नव्हती.

सखुबाईनं दिलेल्या नंबरावर नुसती घंटी वाजत होती. वेचणाऱ्या बाईचा फोन घरी कुठेतरी खुंटीला टांगलेला असणार, तो उचलणार कोण? मॅडम म्हणाल्या, ‘सिस्टर, याला एकेक दिवस महागात पडतोय.’ मी मावशींना घेतलं, आणि आम्ही दोघी काळीपिवळी जीप ठरवून निघालो.

घर सापडलं. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, सखुबाई ओटीतला कापूस त्यावर रिकामा करत होती. आतल्या बाजेवर ज्योती, कुशीत लेकरू, झोपलेलं.

मी म्हटलं, ‘सखुबाई, लेकराले जिल्ह्याच्या दवाखान्यात न्याचं हाय. आत्ताच्या आत्ता.’

‘कायले?’

मी सांगितलं. एरवी तोंडपाठ असलेलं, त्या दिवशी जीभ अडखळत होती. सखुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

‘दुखणं दाखवा मले. ताप हाय? नाई. हगवण हाय? नाई. रडते काय? नाई. अव बाई, बिमार लेकरू रडते! हे पाहा कसं निजलं राजावाणी!’

‘थेच दुखणं हाय!’

‘अन् तुमची गोळी देल्ली तं काय होईन?’

‘रडंन!’ मी ओरडले.

सखुबाई दोन पावलं मागे सरकली. मावशींकडे बघून म्हणाली, ‘हे बाई पागल झाली काय व? टोचून रडलं नाई, म्हणून आता गोळी देऊन रडवते?’

मावशींनी तोंडाला पदर लावला. मला मात्र रडू फुटायचंच बाकी होतं. लेकराचा जन्माचा सवाल आहे, आणि मी इथे कापसाच्या ढिगापाशी उभी राहून भांडतेय! माझं तोंड तसं वाईट आहे, आता काहीतरी कडक बोलणारच होते, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. ज्योतीचा.

‘आई, शेजारच्या सुमनचं पोट्टं रडलं का मले पान्हा फुटते. झंपर भिजून जाते. अन् हा माह्या पोटचा, माह्या कुशीत निजते. पण हा मले कधी बोलवतच नाई.’

सखुबाई लेकीकडे बघत राहिली.

‘मले वाटे, मीच याले पसंत नाई,’ ज्योती म्हणाली आणि तिनं लेकराच्या कपाळावरून हात फिरवला. लेकरू हललंसुद्धा नाही.

सखुबाईनं ओटी सोडली, हात लुगड्याला पुसले, बाजेवरून लेकरू उचललं आणि दुपट्यात गुंडाळलं.

‘जीप थांबवली हाय न?’ एवढंच म्हणाली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात पुन्हा रक्त तपासलं, तेच निघालं, आणि गोळी सुरू झाली. रोज सकाळी, चुरून, आईच्या दुधात कालवून, चमच्यानं. आता लेकरू सुधारेल की आपल्याला उशीर झाला, हे विचारलं तर मॅडम म्हणाल्या, ‘वेळेत आहे असं वाटतं. बघू.’ डॉक्टर ‘बघू’ म्हणाले की मला घास गोड लागत नाही.

*

त्या काळात मी घरी किस्से सांगणं बंद केलं होतं. भाज्या चांगल्या व्हायला लागल्या, तर नवराच काळजीत पडला!

दवाखाना मात्र कुणासाठी थांबत नाही. एक बाई दुसऱ्या बाळंतपणाला आली, सोबत तिची तीन-चार वर्षांची पोरगी. मी सुई घेऊन खाटेजवळ गेले, तर पोरगी भावाच्या आडवी उभी राहिली. पायातली चप्पल काढली आणि पाय पुढे केला.

‘त्याले नोको. माह्या पायाले टोच.’

मी तिला जवळ घेऊन समजावलं. तुलाही लहानपणी असंच टोचलं होतं, म्हणून तर तू एवढी हुशार झालीस, वगैरे वगैरे. ‘मी टोचलं की तू त्याच्या टाचेवर फुंकर घाल,’ म्हटलं. तिला ते पटलं. मी टोचलं, भाऊ किंचाळला, पोरगी गाल फुगवून फुंकर घालत राहिली. फुंकरा घालून दमली, तरी भाऊ रडायचा थांबेना.

शेवटी ती माझ्याकडे वळली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, ‘तुले रडवता येते, तं गप बी करता आलं पायजे न!’

*

आणि मग, तीन-चार महिन्यांनी, तो लसीकरणाचा दिवस.

व्हरांड्यात लेकरांची जत्रा भरलेली. कुणी रडतंय, कुणी रडून दमलंय, आया घाम पुसतायत, मावशी ओरडून ओरडून रांग लावतायत. त्या सगळ्या गोंगाटाच्या वर एका लेकराचा आवाज चढला. असा सणसणीत की आतल्या खोलीत मी दचकले. आणि पाठोपाठ दुसरा आवाज.

‘कोठी हाय थे रडवणारी बाई?’

सखुबाई! पदर खांद्यावरून घसरलेला, केस विस्कटलेले, डोळे जागरणानं तांबारलेले. कडेवर लेकरू, तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय झाडत असं बोंबलतंय की तिला ते धरवेना.

‘काय करून ठेवलं हो बाई माह्या लेकराचं?’ ती दारातूनच सुरू झाली. ‘असं गुणी लेकरू नेलं होतं म्या इथून! आता पाहा! भूक लागली का बोंबलते. ओलं झालं का बोंबलते. खाली ठेवलं का बोंबलते! साऱ्या मोहल्ल्याची झोप मोडली यानं! ज्योतीले एक घास सुखानं खाऊ देत नाई, सारखं आपलं दूध, दूध, दूध! काल तं माहं नाक धरलं, सोडेच ना! काय गोळी हाय का काय हाय? पार बिघडवलं तुमी लेकरू!’

मॅडम त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘गोळी...’ मी तिच्याजवळ धावले. ‘गोळी बंद नाही ना केली?’

‘बंद कशी करन? ज्योती करू देईन तवा न! कोंबडा आरवला का आधी याची गोळी, मंग बाकीचं जग!’

मी हात पुढे केले. सखुबाईनं लेकरू जवळजवळ माझ्या अंगावर टाकलं. केवढं जड झालं होतं! त्यानं रडणं थांबवलं, माझ्याकडे चांगलं टक लावून बघितलं. मग माझ्या साडीची पिन मुठीत धरली, खेचली, ती येईना म्हणून चिडलं, आणि माझ्या कानाशी असा टाहो फोडला की कानठळ्या बसल्या.

मला काय झालं कुणास ठाऊक. एवढ्या वर्षांत कधी कुणासमोर नाही. पण त्या दिवशी साऱ्या व्हरांड्यासमोर, युनिफॉर्ममध्ये, लेकरू छातीशी धरून मी हुंदके द्यायला लागले. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि तोंड फिरवलं.

सखुबाई एकदा लेकराकडे बघे, एकदा माझ्याकडे.

‘अव माय! लेकरू रडते तं रडते, हे सिस्टरबाई कायले रडून राह्यली?’

मागून ज्योती पुढे आली. लेकराच्या रडण्यानं तिचा झंपर भिजला होता, म्हणून पदर पुढे ओढून घेतलेला. तिनं आईचा हात धरला आणि तिला बाजूला घेतलं.

‘राहू दे, आई,’ ती म्हणाली. ‘रडू दे दोघाईले.’